आग न दिसणारी शेगडी

सोमवार, २१ जुलै

निवड झाली! गडचिरोलीच्या दवाखान्यात कंत्राटी नर्स. अकरा वाजता फोन आला तेव्हा मी बांधावर होती, हात चिखलानं भरलेले. फोन कानाले लावला तं कानात चिखल गेला. बाई विचारते, "पुनम तुमचंच नाव ना?" मी तीनदा हाव म्हटलं. १८ ऑगस्टच्या आत हजर व्हायचं, नाई तं यादीतलं पुढचं नाव घेतील. लग्नाच्या आधी रोज वही लिहायची, दोन वर्षं बंद होती. आज लिहिल्याशिवाय राहवेना.

रात्रीच्या जेवणाले सांगतलं. खुशाल हसला, म्हणते, "वा! आता नर्सबाईच्या घरचा मी." (तोंडानं नवऱ्याचं नाव घेत नाई, पण वही माझी आहे, इथं खुशाल म्हणजे खुशाल.) सासूबाईनं ताटली आपटली. त्या कधीच बोलत नाईत, नुसत्या भांडी आपटतात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, मात्र घास गिळून म्हणाले, "गडचिरोली काय आंगनात हाय? आठवडाभर तू तिकडं. इथी काडी कोन आनीन? हिच्यानं आता मोळी उचलत नाई."

खरी अडचण तीच आहे. एप्रिलात मोहफुलं वेचताना शेजारच्या इतवारीकाकूच्या खांद्याले वाघाचा पंजा लागला. वाचल्या, पण तेव्हापासून वनवाले जंगलात जाऊ देत नाईत, अन् आम्ही चोरून जातो. काय करणार, चूल थांबत नाई. सिलिंडर आहे, पण गाडी फाट्यापर्यंतच येते. तिथून आणायले खुशालले सवड होत नाई, मार्चपासून ते गोठ्यात आडवं पडलं आहे.

मी म्हटलं, मामाजी, इंडक्शन आहे ना आपल्या घरी! वाघाच्या हल्ल्याची पाहणी झाल्यावर वनवाल्यांनी घरोघरी एकेक वाटली होती. आमच्या शेगडीच्या खोक्यावर टीव्ही ठेवला आहे. मामाजीनं बराच विचार केला अन् निकाल दिला. सासूबाईनं माझा हात न लावता सलग आठ दिवस त्याच्यावर रांधलं, तं मी जाऊ शकते. नाई जमलं तं विषय बंद.

आठ दिवस! हातात अठ्ठावीस आहेत. खुशाल म्हणते, "काऊन घाबरते? मी हावो ना."

बुधवार, २३ जुलै

टीव्ही खाली, शेगडी वर. धानाच्या रोवण्याले जायच्या आधी सकाळीच मांडली. सासूबाई पाटावर बसल्या, मी त्यांच्या बाजूले. त्यांनी रोजचं भाताचं पातेलं, जर्मनचा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गंज, तांदूळ-पाण्यासकट वर ठेवला. मी बटण दाबलं. शेगडीनं टीं-टीं केलं अन् बंद पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा टीं-टीं.

"आग कुठी हाय इच्यात?" सासूबाई.

"आग नसते, आई."

"आग नाई तं शिजन कशानं? तुह्या बोलन्यानं?"

खोक्यातलं पुस्तक वाचलं. मग कुठं डोक्यात शिरलं. या शेगडीत तारेचं वेटोळं आहे. त्यात करंट गेला की ती स्वतः तापत नाई, वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडालेच ताप चढवते. पण ते बूड लोखंडाच्या जातीचं पाहिजे. ज्याले चुंबक चिकटते ते. जर्मनले, पितळेले, तांब्याले तिचा काही उपयोग नाई. आणि बूड सपाट पाहिजे, टेकलं पाहिजे.

खुशालच्या जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढलं अन् सगळ्या स्वयंपाकघराची तपासणी केली. गंज तीन, तिन्ही जर्मनचे. कुकर जर्मनचा. स्टीलची पातेली दोन, एकाले चुंबक लागतच नाई, दुसऱ्याले लागते पण त्याचं बूड इतकं पातळ की दूध ठेवलं तं मधोमध काळा रुपया उठला. कढई लोखंडाची, चुंबक कसं घट्ट बसलं, पण तिचं बूड गोल, शेगडीवर डुलत राह्यली. तवा तेवढा पास झाला. आता आम्ही धानाच्या मुलखातले लोक, दोन्ही वेळ भात खाणारे. तव्यावर भात शिजवायचा का?

एक गंज पाहिजे. सपाट, जाड बुडाचा, चुंबक लागणारा. एक! खुशाल रोज मोटरसायकलनं नागभीडले जातेच, ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात आहे. त्याले सगळं नीट समजावून सांगतलं. म्हणते, "एवढंच ना? उद्या आनतो."

शुक्रवार, २५ जुलै

काल विसरला. आज आणला. असा चकचकीत गंज की त्यात तोंड दिसते! चुंबक लावलं, खाली पडलं. जर्मनच, फक्त जाड.

मी म्हटलं, चुंबक लावून पाहिलं नाई का? मी तं सकाळी तुमच्या शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. म्हणते, "अगं, दुकानदार म्हणे चालते, मंग मी काय त्याच्याशी भांडू?" चुंबक खिशातच होतं. सोबत गरम समोसे आणले होते, चिंचेच्या चटणीसकट. मले आवडतात म्हणून. असा माणूस आहे. त्याच्यावर रागावता येत नाई.

सासूबाई समोसा न खाता म्हणाल्या, "त्याच्या हातून नाई यायचं ते भांडं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या पोराले असं बोलते का कोणी? तो बिचारा दिवसभर राबून येते. मी सरळ उठून गेली.

मंगळवार, २९ जुलै

आज नागपंचमी. आजच्या दिवशी तवा आगीवर ठेवायचा नाई. घरात शेगडीवर चालणारं एकच भांडं, अन् आज त्याले सुट्टी! मी हसली, मग मलेच रडू आलं. आठ दिवस सरले अन् अजून पहिला भात नाई.

सासूबाई चुलीत ओली काडी कोंबून फुंकत बसल्या. डोळे लाल, खोकला थांबत नाई. मी म्हटलं, शेगडीवर तव्यावर निदान पोळ्या करून शिकून घ्या, उद्यापासून. म्हणाल्या, "पाहू." त्यांचं 'पाहू' म्हणजे नाई. त्यांले मी जायलेच नको आहे, हे मले आता स्पष्ट दिसते. त्यांची सून गेली की कामाची बाई गेली. घरात माझ्या बाजूनं एकटा खुशाल आहे.

शनिवार, २ ऑगस्ट

चार दिवस पावसानं उसंत दिली नाई. ढोलीत साठवलेली जळणाची काडी संपली. आज दुपारी उघाड पडली तं सासूबाई विळा अन् दोर घेऊन निघाल्या. एकट्या कशा जाऊ द्यायच्या? मी गेली मागं.

आत नाई गेलो, कडेकडेनंच. पण ओल्या पाल्यात पाय वाजत नाई अन् हेच मोठं भेव. आपला पाय वाजत नाई तं त्याचाही वाजणार नाई. मी सारखी मागं पाहत होती. सासूबाई मात्र खाली मान घालून वाळलं-ओलं निवडत होत्या. मोळी बांधली, डोक्यावर घ्यायले गेल्या अन् गुडघाच वाकला. मोळीवरच बसल्या. मी पाणी दिलं.

कधी नाई ते स्वतःहून बोलल्या. "मले बी आला व्हता एकदा कागद. बालवाडीचा. मदतनीस म्हनून."

"मंग?"

"तुह्या मामाजीनं छपरात खोसून ठेवला. पावसात भिजला म्हने."

"अरेरे! दुसरा मागायचा ना मंग."

माझ्याकडं असं पाहिलं, जसं मले कमी दिसते. "चाल," म्हणाल्या. दोन मोळ्या करून आणल्या. मोठी माझ्या डोक्यावर होती, पण वजन जाणवलंच नाई. गडचिरोलीले मी गेली अन् या एकट्या इथं आल्या, तं? हा विचार करायचा नाई ठरवलं अन् रस्ताभर तोच केला.

घरी खुशाल दुसरा गंज घेऊन हजर. या वेळी स्टीलचा, पण बुडाले तांब्याचा लेप. चुंबक घसरून पडलं. शेगडी टीं-टीं. "च्यामायले, पुन्हा फसवलं!" म्हणून त्यानं दुकानदाराले अशी शिवी दिली की मलेच त्याची दया आली. मी म्हटलं मीच येतो नागभीडले तुमच्या मागं बसून. तं म्हणते, रोवण्याचे दिवस, बाबा काय म्हनतील? तेही खरंच आहे.

मंगळवार, ५ ऑगस्ट

आज तव्यावर सासूबाईनं दोन पोळ्या केल्या. केल्या! तिसऱ्या पोळीले बोर्डातून जळका वास, काळा धूर. आमचं बोर्ड लहान पिनीचं, मोबाइल चार्जिंगचं. शेगडीचा भार त्याले झेपला नाई, वितळलं. बरं झालं लवकर दिसलं, नाई तं सासूबाईचा पदर जवळच होता.

मामाजी म्हणाले, "पाह्यलं?" बस, एवढंच.

खुशाल म्हणते उद्याच धम्मदीपले सांगतो. धम्मदीप म्हणजे गावातला वायरमन, गावातल्या प्रत्येक घराची वायर त्याले पाठ.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

तीन दिवस वाट पाहिली. आज हातपंपावर धम्मदीपच भेटला. मी म्हटलं, भाऊ, किती भाव खाता, कधी येता आमच्याकडं?

"काऊन? काय झालं तुमच्याकडं?"

"म्हंजे? आमच्या यायनं सांगतलं नाई?"

"मले तं कोनीच नाई सांगतलं, वहिनी. खुशालभाऊ तं काल पानठेल्यावर भेटला, अर्धा तास बसलो."

असाच पिशवी घेऊन आला. मीटरपासून जाड वायर ओढली, मोठ्या पिनीचं वेगळं बोर्ड लावलं, तासाभरात काम खलास. चहाही उभ्यानं प्यायला. खुशालले विचारलं तं म्हणते, "मी सांगतलं व्हतं, त्याच्या ध्यानात नसंन." असेल. धम्मदीपले दहा घरची कामं असतात, विसरला असेल.

पण दिवस विसरत नाईत. परवा, रविवारी सुरुवात झाली तरच सतरापर्यंत आठ होतात. एक दिवस चुकला की संपलं.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी. खुशाल सकाळीच बहिणीकडं गेला. जाताना म्हणाला, तिकडच्या बाजारात गंज पाहतो. मामाजी बांधावर. घरात आम्ही दोघी अन् ती शेगडी.

दुपारी खुशालचा फोन. आज सगळी दुकानं बंद, सोमवारी नक्की. सोमवारी! मी फोन ठेवला अन् जे दोन वर्षं पोटात होतं ते सगळं सासूबाईवर ओतलं. म्हटलं, तुमालेच नको आहे मी जायले. म्हणूनच शिकत नाई तुम्ही, म्हणूनच तोंड फुगवून बसता. माझ्या मायबापानं शिकवलं मले, काडी वेचायले नाई. असं बरंच. आवाज इतका चढला की इतवारीकाकू कुडावरून डोकावल्या.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सुपातला हात थांबला. मग विचारलं, "काजळी धरते का हे?"

"काय?"

"हे मशीन. भांडं काळं करते का?"

"नाई. धूरच नाई तं काजळी कुठून येईन?"

त्या उठल्या. पाट घेतला, भिंतीजवळ ठेवला, त्याच्यावर चढल्या अन् मांडणीवरच्या भांड्यांना हात घातला.

हे इथं लिहिलंच पाहिजे. आमच्याकडं भिंतीवरच्या मांडणीत आंदणाची भांडी असतात. पोरीच्या लग्नात मामानं, काकानं, आत्यानं दिलेली, प्रत्येकावर नाव कोरलेलं. ती दिवाळीले उतरवायची, घासायची, पुन्हा उपडी मांडायची. चुलीवर कोणी ठेवत नाई, काजळीनं कायमची जातील म्हणून. त्यात पाणी भरतील, धान्य भरतील, पण आग दाखवणार नाईत. मी घरातल्या चमचे-वाट्याही चुंबकानं तपासल्या, पण मांडणीकडं मान वर करून पाहिलं नाई. मी! दोन वर्षं नर्सिंग शिकलेली! ते भांडं रांधायचं असते हेच कधी मनात आलं नाई. अन् मीच काय, इतवारीकाकूची, सरपंचाची, सगळ्यांची शेगडी खोक्यात आहे अन् गंज भिंतीवर आहेत.

सासूबाईनं स्टीलचा एक जाड गंज उतरवला. बूड पाटासारखं सपाट. काठावर कोरलं होतं, 'चि. सौ. भागीरथा हिस मामाकडून'. पस्तीस वर्षांत त्याच्यात एक दाणा शिजला नव्हता. मी चुंबक जवळ नेलं तं हातातून ओढून घेतल्यासारखं चिकटलं.

"आई, हा तुमचा आंदणाचा आहे."

"मंग माहाच हाय ना. धू त्याले."

भात लावला. आग दिसत नव्हती, पण पाणी उकळलं, झाकण थडथडलं. सासूबाई शेगडीपुढून हलल्या नाईत. मले त्यांचे पाय धरायचे होते अन् लाजेनं धरता आले नाईत.

मंगळवार, १२ ऑगस्ट

तिसरा दिवस पार. माझा हात लागत नाई, मी दारात पाठ करून बसते, मामाजीचा कायदा म्हणजे कायदा. सासूबाईले आकडे येतात, पण त्या आकडे म्हणतच नाईत. वरच्या बटणाले 'मोठा जाळ' म्हणतात, खालच्याले 'निवा'. काल वरण खाली लागलं, कारण डोळ्यांले आग दिसत नाई तं कमी कधी करायचं कळेना. आज कान देऊन बसल्या. आवाजावरून कळते म्हणतात. सात वाजता लाइट जाते म्हणून पाचालेच उठतात.

मामाजीनं जेवताना तोंड वाकडं केलं, "वरनाले धुराची चव नाई."

"खोकला बी नाई," सासूबाई म्हणाल्या. मी पदरात तोंड लपवून हसली.

गुरुवार, १४ ऑगस्ट

पाच झाले. खुशाल दोन दिवसांपासून गप्प आहे. ताटात भात तसाच ठेवते. म्हणते गोड लागत नाई. आज मले म्हणाला, "तुले खरंच जायचं हाय का? मी इथी एकटा कसा राहू?" डोळे भरले होते त्याचे. एवढी माया कोणाचा नवरा करते? खरंच सांगते, एक क्षण वाटलं, नाईच जायचं.

मग म्हणाला, सर्टिफिकेटांची फाइल दे, नागभीडले झेरॉक्स मारून आणतो. मी द्यायले उठली तं सासूबाई मधे. "फाइल तिच्याजवळ राहू दे. तिकडं गडचिरोलीत झेरॉक्स नाई का?" आणि माझ्याच हातातून घेऊन माझ्याच पेटीत ठेवली, वर स्वतःचं लुगडं ठेवलं. खुशाल गाडीले किक मारून निघून गेला. मले फार वाईट वाटलं. आईनं पोराचा एवढासाही भरवसा धरू नये का?

सोमवार, १८ ऑगस्ट, गडचिरोली

हजर झाली! सही केली. आता दुपारचे चार, दवाखान्यामागच्या खोलीत पलंगावर बसून लिहिते. आजचा दिवस लिहिल्याशिवाय बरं वाटणार नाई.

काल आठवा दिवस झाला. मामाजी जेवून उठले अन् "जा मंग" म्हणाले. शब्दाचे पक्के आहेत, एवढं म्हणावंच लागते. खुशाल म्हणाला सकाळी साडेसहाले गाडीवर फाट्यापर्यंत सोडतो, साडेसातची एसटी मिळेल. सकाळी उठली तं खुशाल नाई, गाडी नाई. फोन बंद. दुकानात काही अर्जंट निघालं असेल. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. फाटा तीन किलोमीटर, दोन्ही बाजूले जंगल, अन् पुढची एसटी अकराची. ती बाराले ब्रह्मपुरी, तिथून गडचिरोली, तोवर साहेबांची सही करून घ्यायची वेळ टळली असती.

मी ओसरीवर बॅग धरून बसली होती, रडत. सासूबाईनं जर्मनचा गंज अन् पळी उचलली. "हे आता वाजवाच्याच कामाचं," म्हणाल्या. "चाल."

तीन किलोमीटर सासूबाई गंज बडवत चालल्या, दुखऱ्या गुडघ्यानं. मी दोनदा म्हटलं, तुम्ही परत एकट्या कशा जाल? तं आणखी जोरात बडवला. एसटी आली. मी चढली, खिडकीतून म्हटलं, त्यांले सांगा, रागावली नाई मी, काम निघालं असेल. सासूबाईनं कपाळाले हात लावला. मले वाटलं नमस्कार केला.

गुरुवार, २१ ऑगस्ट

दोन दिवस पाण्यासारखे गेले. आज दुपारी खुशालचा फोन. आवाज अगदी पडलेला. "पुनम, ते मशीन बिघडलं. आईनं पानी सांडलं त्याच्यावर. नागभीडले दुरुस्तीले टाकलं, महिना लागंन म्हनते."

"मंग रांधतात कशावर?"

"चुलीवर. आई जाऊन राह्यली रोज काडीले. परवा तिकडं गाय मारली वाघानं. बाबा तं बोलत नाईत माह्याशी. आईले काही झालं तं, पुनम? तूच सांग, काय करू मी?"

डोळ्यांपुढं तो ओला पाला अन् मोळीवर बसलेल्या सासूबाई. मी गेल्यामुळंच हे. नोकरी मोठी की माणूस? खुशाल म्हणते, शनिवारी घ्यायले येतो, तिथी लिहून देजो की घरची अडचन आहे. मी हाव म्हटलं. बॅग भरली. सिस्टरबाईले उद्या सांगीन.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

आज पोळा. सकाळी सिस्टरबाईकडं जायच्या आधी इतवारीकाकूच्या फोनवर फोन केला, सासूबाईले बोलवा म्हटलं. सासूबाई फोन कानाले धरत नाईत, तोंडापुढं धरून ओरडतात.

"आई, मी येऊन राह्यलो. तुम्ही जंगलात नका जाऊ."

"काऊन येतेस?"

"मशीन बिघडलं ना. पाणी सांडलं म्हणतात."

सासूबाईनं फोन आणखी तोंडाजवळ धरला असेल, आवाज फाटला.

"कोनी सांडलं पानी? बुधवारी सकाळी भात केला मी त्याच्यावर. झाकन बी काढलं नाई तं यानं गंज खाली ठेवला अन् पिशवीत घालून घेऊन गेला. मी म्हटलं काऊन नेतेस रे, तं म्हने आता कायले पाहिजे."

मी भरलेल्या बॅगवर बसली. मग विचारलं, "चांगलं चालत होतं?"

"चांगलं चालत व्हतं. तू बी चांगली चालून राह्यली. येऊ नको."

"पण काडी, आई? वाघ?"

"चौघी जनी जातो. गंज वाजवतो."

"मले नाई राहवत. मी येतो."

"येशील तं मी दार नाई उघडनार," सासूबाई म्हणाल्या, अन् फोन इतवारीकाकूच्या हाती दिला.

मी पलंगावर बसून २१ जुलैपासूनची ही वही वाचली. पानोपानी माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. खिशातलं चुंबक. धम्मदीप. फाइल. गाडी. गोठ्यातलं सिलिंडरसुद्धा. सगळं मीच लिहिलं अन् सगळ्याच्या खाली 'बिचारा' लिहिलं. आणि जिनं भांडं उतरवून दिलं तिले दहा ठिकाणी नावं ठेवली. मले इतकी लाज आयुष्यात वाटली नाई. खुशालचा राग अजून नीट येत नाई, समोसेच आठवतात, अन् याचीच जास्त चीड येते. उद्या तो घ्यायले येईल. रडेल. मले त्याच्या रडण्याचं भेव वाटते, खरं सांगायचं तं वाघापेक्षा जास्त.

बॅग रिकामी केली. साड्या कपाटात ठेवल्या. वॉर्डातल्या मावशीले सांगून ठेवलं आहे, उद्या कोणी विचारलं तं मी ड्युटीवर आहे म्हणून सांगा, अन् मी खरंच राहीन. पहिला पगार झाला की दुसरी शेगडी घेईन अन् धम्मदीपभाऊच्या हाती पाठवीन. त्याले अजून महिना आहे. तोवर काडी लागणारच, अन् ती आणायले सासूबाई जाणारच. माझी नोकरी त्यांच्या डोक्यावरच्या मोळीवर चालली आहे, हे मले रोज माहीत असणार.

साडेचारले पुन्हा इतवारीकाकूले फोन केला.

"आल्या का?"

"आत्ताच आल्या. चौघी बी."

उद्या पुन्हा साडेचारले करीन.